मूठभर कोळसा

ता. ४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहिलंय असं समज, कारण मला घाई आहे आणि पेन काउंटरवरच्या बाईंचं आहे. दोन्ही कानांवरचं बँडेज कधी सुटणार? तुझ्या इस्पितळातल्या काकू म्हणाल्या, सध्या तुझ्या शेजारी तोफ उडाली तरी तुला कळणार नाही. म्हणून फोन बंद, पत्र चालू. बरंच झालं. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

तर मी तुझी टाकी सांभाळायला आले. तू सांगितलेल्या दिवशीच आले. एक बस चुकली आणि दुसरीत झोप लागून दोन गावं पुढे गेले, तेवढं सोड. पुढच्या गावात एक माणूस रस्त्याकडेला छत्र्या दुरुस्त करत होता, ऊन असताना. मी विचारलं, आत्ता कोण येतं? तो म्हणाला, शहाणी माणसं येतात. तासभर बसले त्याच्याजवळ. तार कशी वाकवायची ते शिकले. कुठे होते मी? हां, दवाखाना.

किल्ली काउंटरवरच्या बाईंनी दिली. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "चपला बाहेर. तुझी आत्याही काढते." काढल्या. आत दाराच्या समोरच तुझी टाकी. मासे म्हणजे मला गोल भांड्यातले दोन तांबडे एवढंच माहीत, आणि हा तर अख्खा समुद्र भिंतीला लावून ठेवलायस. पण आत्या, यातलं निम्मं तर हलतच नाही! दोन शिंपल्या तोंड किलकिलं करून बसल्यात. आणि तो किडा, चामड्याच्या नळीत राहणारा, नळीतून तांबडा-पांढरा तुरा बाहेर काढून वाहत्या पाण्यातलं बारीकसारीक गाळून खाणारा. तू त्याला तुरेवाले म्हणतेस आणि अहो-जाहो करतेस, हे बाईंनी हसत सांगितलं. आलं तर खायचं, नाही आलं तर बसायचं. मला एक दिवस जमलं नसतं.

आता वाईट बातमी. पाणी पिवळं पडलंय, त्याच पावडरीचा दुसऱ्यांदा चहा केल्यासारखं. दातवाल्या डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी उभं केलं. "हा दातांचा दवाखाना आहे. पेशंट आत आला की पहिलं काय बघतो? पिवळं! महिनाअखेर पाणी स्वच्छ दिसलं नाही तर टाकी जाणार आणि तिथे टीव्ही येणार."

मी म्हटलं, "आणि प्राणी?"

"आत्याबाई नेतील की घरी."

तुझ्या घरी! जिथे बादली जरा जोरात ठेवली की खालचे काका वर येतात!

टाकीखालच्या कपाटात काळ्या दाण्यांचा डबा आहे. वर तुझ्या अक्षरात 'कार्बन'. हा कोळसाच ना? बाई म्हणतात, पिवळेपणा ओढून घेतो. किती घालू? पटकन कळव.

तुझी,
भिंगरी

ता. ९ फेब्रुवारी

भिंगरे,

बसमध्ये झोपून पुढे गेलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. म्हणजे पत्र नक्की तुझंच आहे.

तो कोळसा चुलीतला नाही. त्याच्या एकेका दाण्याला आतून इतकी छिद्रं असतात की पाण्यात विरघळलेला रंग, वास, घाण सगळं त्यात जाऊन अडकतं. एक मूठ घ्यायची. नळाखाली धुवायची, काळं पाणी थांबेपर्यंत, आणि थांबलं असं वाटलं की पुन्हा एकदा. जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या कप्प्यात ठेवायची आणि तीन-चार दिवसांनी काढायची. पाणी हळूहळू निवळलं पाहिजे. एका दमात निवळलं तर वरच्या दिव्याचा उजेड धाडकन आत शिरतो. पडदे लावून झोपलेल्या माणसाचे पडदे कुणी ओढले तर तो खूश होईल का?

दुसरं. फ्रीजमधल्या बाटलीतलं हिरवं पाणी हे त्यांचं जेवण. ते घालताना अर्धा तास पंप बंद. नाहीतर जेवण त्यांच्या तोंडासमोरून जाऊन फिल्टरच्या स्पंजात बसतं.

डॉक्टर बोलतात ते करतात. गेल्या साली म्हणाले खुर्च्या बदलतो, दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. सगळीकडे विचारून झालं. ती टाकी गेली की ते सगळे गेले. तुरेवाले माझ्याकडे आले तेव्हा त्यांची नळी करंगळीएवढी होती.

दादा परवा मला पाटीवर लिहून दाखवत होता, "भिंगरीला कशाला दिलीस किल्ली? बेकरीतून पळाली, छापखान्यातून पळाली." मी त्याच्याच खडूने खाली लिहिलं, "माझी भाची आहे." त्याने पुढे लिहिलं, "तेच तर." तुझा बाप माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा वाद जिंकला, तोही मी बहिरी असताना.

आत्या

ता. १० फेब्रुवारी

आत्या,

तुझं उत्तर अजून आलं नाही आणि आता गरजही नाही! ऐक. काल वायरमन आला. डॉक्टर त्याला भिंत दाखवायला लागले, "इथून वायर, इथे पट्टी." वायरमन टाकीवर टकटक करून म्हणतो, "आतले चावतात का?" मला राहवलं नाही. तो डबा अख्खा ओतला. पिशवी सापडेना, तर बाईंनी कपाटातला एक लोकरी मोजा दिला, त्यात भरला आणि पंपाच्या तोंडाशीच ठेवला, म्हणजे एक थेंबही सुटायला नको.

आधी पाणी काळं झालं. डॉक्टरांचं तोंडही झालं. पण दुपारी उतरलं, आणि आज सकाळी! आत्या, पाणी नाहीच असं वाटतं. मासे हवेत लटकलेत. मागची भिंत दिसते, तिच्यावरचा पोपडा दिसतो. दाढ काढायला आलेले एक आजोबा काचेला नाक लावून उभे राहिले, नाव पुकारलं तरी हलेनात. डॉक्टर म्हणाले, "आत्याबाईंना दहा वर्षांत जमलं नाही ते." मी नुसती हसले. रागावू नकोस.

आणि भूक काय लागलीय त्यांना! बाईंनी सांगितलं तसं हिरवं पाणी घातलं, तर बघता बघता गायब. टाकी पुन्हा आरशासारखी. दुप्पट घातलं, तेही गट्टम. गाळून खाणारे म्हणजे असे!

दुसरी गंमत. एक फोटोवाला आलाय दाढ दुखते म्हणून. शाळाशाळांतून वर्गाचे फोटो काढत व्हॅन घेऊन हिंडतो. व्हॅनमध्येच झोपतो, व्हॅनमध्येच स्वयंपाक. पोरांना सरळ उभं करायला कुणीतरी हवंय, म्हणतो. पुढचा मुक्काम समुद्राकाठी. मी म्हटलं, आत्ता मी कामात आहे. ऐकलंस ना? मी म्हटलं, कामात आहे. पण पाय वळवळतात, खोटं कशाला बोलू. प्रतीक्षागृहाला किती चकरा मारल्या, बाईंना घेरी आली.

भिंगरी

ता. १६ फेब्रुवारी

भिंगरे, ही भूक त्यांची नाही. फिल्टरची आहे.

त्यांच्या तोंडी काही लागतच नाहीये. सगळं तो मोजा आणि स्पंज खातोय. पत्र मिळताक्षणी मोजा काढ. अर्धा नाही, सगळा. दिवा निम्मा वेळ ठेव. पंप बंद करून जेवण घाल, थोडं थोडं, आणि पाणी जरा गढूळ दिसलं तर दिसू दे. काचेसारखं पाणी आपल्याला छान वाटतं. त्यांच्यासाठी ते रिकामं ताट आहे.

तू रीतसर विचारलंस, उत्तर पोचायला वेळ लागला, त्यात तुझा दोष निम्माच. उरलेल्या निम्म्याचं मी आल्यावर बघते.

तुरेवाले कसे आहेत ते पहिल्या ओळीत लिही.

आत्या

ता. १९ फेब्रुवारी

प्रिय आत्यास,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मोजा काढला. दिवा निम्मा वेळ लावते. पंप बंद करून जेवण घालते. पाणी चांगलं आहे. डॉक्टर समाधानी आहेत. शिंपल्या थोड्या मिटल्यासारख्या वाटतात, थंडी असेल. बाकी सर्व ठीक. तू तब्येतीची काळजी घे, कानाला पाणी लागू देऊ नकोस.

तुझी भाची

ता. २३ फेब्रुवारी

भिंगरे,

हे 'प्रिय आत्यास' कोण लिहून गेलं? वाटेत कुणी छत्रीवाला भेटला नाही? कुणी काही बोललं नाही? तुझ्या पत्राला एकही फाटा फुटला नाही म्हणजे तू काहीतरी लपवतेयस. छापखाना सोडलास तेव्हा घरी असंच आलं होतं, 'सर्व ठीक'. आणि तू तिथून तीनशे मैलांवर एका तंबूवाल्याकडे दोऱ्या ओढत होतीस.

मी पहिल्या ओळीत लिही म्हटलं होतं. तू शेवटच्या ओळीतही लिहिलं नाहीस.

मला रागवायचं नाहीये. मला फक्त कळायला हवं. इथे पडून छताकडे बघण्याखेरीज मला काही काम नाही, आणि न कळलेलं फार वाईट दिसतं छतावर.

आत्या

ता. २७ फेब्रुवारी

आत्या,

हे लॉजच्याच कागदावर लिहितेय, वर छापलेला पत्ता-फोन वाचून तुला कळेलच मी कुठे आहे. हो, गेले. बाबाला सांग, तो बरोबर होता. नाहीतर मीच सांगेन, त्याला माझ्या तोंडून आवडेल.

मोजा काढला त्याच दिवशी सकाळी झालं ते. मी हिरवी बाटली घेऊन गेले तर तुरा तळाला पडलेला. वाळूवर, ओल्या फुलासारखा. आणि वर नळी नुसती उभी, तोंड बंद. मासे त्या तुऱ्याशी खेळत होते. आत्या, मी लोकांचे पाव जाळलेत, एका माणसाच्या लग्नपत्रिकेत नवरीच्या जागी तिच्या आईचं नाव छापलंय, पण जीव कुणाचा घेतला नव्हता. मग तुला पत्र लिहायला बसले आणि हातातून ते 'प्रिय आत्यास' उतरलं.

काही दिवस रोज बघितलं. नळीतून काही बाहेर येईना. बाई म्हणाल्या, "गेलेत गं, टाकून दे, पाणी खराब होईल." कचऱ्याच्या डब्यात? तिथे कापसाचे बोळे आणि लोकांचे दात असतात! मला नाही जमलं. मी नळी दगडावरून हळूच सोडवली आणि कॉफीच्या बरणीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात ठेवली. म्हटलं, समुद्रातून आले, समुद्रात सोडू. फोटोवाला त्या दिवशी निघालाच होता. बाईंना किल्ली आणि बाटली दिली, पंप बंद करायचं चार वेळा सांगितलं. "कधी येणार?" म्हणाल्या. मी ऐकलं नाही असं केलं. हे तुझ्याकडून शिकले.

इथे येऊन बरणी घेऊन किनाऱ्यावर गेले, तर वारा इतका की लाट सगळं परत अंगावर फेकत होती. म्हटलं, उद्या. आज गेले तर समुद्र गुळगुळीत. तरी नाही झालं. रोज बरणीतलं निम्मं पाणी काढून ताजं भरते. फोटोवाला विचारतो, "मेलेल्याला पाणी कशाला बदलतेस?" त्याला काय सांगू? इथल्या शाळेचं काम उरकलं की व्हॅन पुढे जाणार. त्याच्या आत सोडेन त्यांना, शप्पथ.

तुझ्यासमोर कधी येऊ नये असं वाटतंय.

भिंगरी

ता. ४ मार्च

आत्या,

हे दवाखान्यातून. बाईंचंच पेन.

आधी तुझ्या फोनचं. कारण तू काय केलंस ते तुला ऐकू आलं नाही, मला आलं. लॉजवाला धावत वर आला, "कुणीतरी बाई ओरडतायत, आमचं काही ऐकूनच घेत नाहीत." मी रिसीव्हर कानाला लावला तर तुझा आवाज, जिन्यापर्यंत जाईल असा: "मला काही ऐकू येत नाही, तू बोलू नकोस! भिंगरे, तुरा पडला म्हणजे मेले असं नाही! छळ झाला की ते तुरा टाकतात आणि आत जाऊन बसतात! नळीचा वास घे! मेलेला असेल तर नाक धरून पळशील! समुद्रात टाकू नकोस, तो समुद्र त्यांचा नाही, तिथे एक दिवस नाही टिकणार! कळलं का? कळलं असेल तर फोन ठेव!" मी ठेवला नाही. मी "आत्या, आत्या" करत राहिले. तू परत पहिल्यापासून सुरू केलंस. तेव्हा ठेवला.

बरणी उघडून वास घेतला. नुसता मिठाचा. लॉजवाल्यालाही घ्यायला लावला. तो म्हणाला, "ताजं आहे, पण काय आहे?"

फोटोवाला गाडी सुरू करूनच उभा होता. म्हणाला, "चल, नाहीतर शाळा सुटेल." मी म्हटलं, मला उलट्या दिशेला जायचंय. तो म्हणाला, "किड्यासाठी?" मी म्हटलं, "तुमची दाढ दुखत होती तीही काही फार मोठी नव्हती." हसला बिचारा. हात हलवला आणि गेला. व्हॅन वळली तेव्हा माझे पाय तिच्या मागे निघाले होते, खरं सांगते. त्यांना ओढून बसमध्ये चढवलं. बरणी मांडीवर, झाकण उघडं. पाणी सांडेल म्हणून झोप नाही. शेजारची बाई पूर्ण प्रवास माझ्याकडे पाठ करून बसली.

तुरेवाल्यांना त्यांच्याच दगडाच्या खाचेत ठेवलंय. दोनातली एक शिंपली गेली. मी आले तेव्हा उघडी होती आणि मिटलीच नाही. हे मात्र माझं. यात निम्मं-बिम्मं काही नाही.

आणि डॉक्टर. बाईंनी नवा डबा मागवला होता, त्यातला मी मूठभर कोळसा घेतला, तुझ्या पहिल्या पत्रातल्यासारखा धुतला, पुन्हा एकदा धुतला, जाळीत बांधला. पण सकाळी जेवण घातलं की अर्धा तास पाणी हिरवट दिसतंच. नेमके तेव्हाच डॉक्टर आले. पेशंट बसलेले. "हे काय? पुन्हा तेच? वायर ओढून ठेवलीय मी!"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हटलं, "डॉक्टर, जेवता जेवता कुणी दात घासतं का?"

"म्हणजे?"

"ते जेवतायत. जेवण झालं की पंप सुरू करते, मग कोळसा पिवळं काढेल. मागे मी त्यांचं जेवण चालू असतानाच घासत बसले, म्हणून एक शिंपली मेली."

खुर्चीतल्या एक बाई गालाला हात लावून म्हणाल्या, "खरंय हो डॉक्टर, तुम्हीच सांगता ना, आधी जेवण मग ब्रश." डॉक्टर तसेच आत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "दवाखाना उघडायच्या आत जेवायला घालत जा. आणि तो नळीवाला. तो जगला तर टाकी राहील. रिकाम्या नळीची शोभा मला नको."

म्हणजे आता सगळं त्यांच्यावर आहे, आणि ते दार लावून बसलेत. काय करू?

भिंगरी

ता. १० मार्च

भिंगरे,

काही करू नकोस. ते काम तुला येत नाही, म्हणून नीट सांगते.

नळीला बोट लावायचं नाही. उचलून बघायचं नाही. जागा चांगली नाही असं वाटून दगड हलवायचा नाही. रोज सकाळी पंप बंद, थोडं हिरवं, अर्ध्या तासाने पंप चालू. मूठभर कोळसा महिन्यातून काही दिवस, बस. आणि वास. वास बदलला तर मला लिही, मी रडणार नाही. ते वर येतीलच असं मी म्हणत नाही. उपाशी बसलेत ते, आणि तुरा नव्याने काढायलाही अंगात बळ लागतं. कधीकधी आतच संपतात.

बाईंना माझा निरोप दे की मोज्याचं आपण नंतर बोलू.

डाव्या कानाचं बँडेज सुटलं. पहिला आवाज कसला ऐकला माहीत आहे? दादाचा. शेजारच्या खोलीत कुणाला तरी सांगत होता, "आमची भिंगरी परत गेली दवाखान्यात, स्वतःहून." दारामागून ऐकलं, त्याला कळलेलं नाही. तूही कळवू नकोस.

इथले डॉक्टर मला उजव्या कानासाठी अजून ठेवून घेतायत. तोवर तूच आहेस तिथे. जायचं असेल तर आधी सांगून जा, एवढंच.

आत्या

ता. २९ मार्च

आत्या,

हे अक्षर गिचमिड येईल, कोपर हलवायची सोय नाही. टाकीसमोरच्या स्टुलावर बसून गुडघ्यावर लिहितेय.

किती दिवस काही नाही म्हणजे काही नाही. सकाळी हिरवं पाणी, मग वास, मग बसणं. माझ्याच्याने बसवत नव्हतं. उठायचे, रस्त्यापर्यंत जायचे, एखादी बस जाताना बघायचे, परत यायचे. बाई म्हणाल्या, "जा एकदाची नाहीतर बस एकदाची, फरशी झिजेल." फोटोवाल्याचं कार्ड आलं, पुढच्या मुक्कामाचा पत्ता आहे त्यावर. डॉक्टर रोज जाता येता एक नजर टाकतात नळीवर. ती नजर मला ओरडण्यापेक्षा जड.

परवा नळीच्या तोंडाशी काहीतरी तांबडं दिसलं. मी ओरडले, "बाई!" आणि ते आत. गेले ते गेले. दिवसभर नाहीत. काल पुन्हा. मी हळू उठले जवळून बघायला, तर माझी सावली काचेवर पडली आणि परत आत. तेव्हा डोक्यात शिरलं. ते आहेत, आणि मी हलले की नाहीत.

म्हणून आज हलत नाहीये. पायाला मुंग्या आल्यात, नाक खाजतंय, बाहेर बस हॉर्न वाजवतेय. एका पेशंटने विचारलं, "तुमचा नंबर आधी का?" मी मानही हलवली नाही, तो बिचारा मला भूल दिलीय समजून लांब बसला. डॉक्टर मागे येऊन उभे आहेत बराच वेळ. त्यांनाही मी ओठ न हलवता सांगितलं, हलू नका. ते उभे आहेत, हातात चिमटा तसाच. वेटिंगमधलंही कुणी हलत नाहीये, आत्या.

वर आलेत. तुरा नखाएवढा, एका बाजूने तोकडा, जुन्यासारखा मुळीच नाही. पण उघडलाय, आणि हिरवं पाणी त्यातून जातंय. एवढा वेळ मी आयुष्यात कुठे बसले नसेन. अजून खूप लिहायचंय, शिंपलीचं, वायरमन वायर गुंडाळून घेऊन गेला त्याचं, पण हे पान संपत आलं आणि उलटलं तर सावली पडेल, म्हणून